बहर चुकला तर? साकुराच्या दिवसांतल्या जपानबद्दल सविस्तर उत्तर

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. त्या, बँकेतून निवृत्त झालेले त्यांचे यजमान आणि सत्तरीच्या सासूबाई असे तिघे जण २८ मार्च ते ८ एप्रिल २०२७ या दिवसांत नाशिकहून जपानला निघाले आहेत. २०२० च्या मार्चमधली तिकिटं महामारीत रद्द झाली, मग मुलाची बारावी आली, मग सासऱ्यांचं आजारपण. आता कुठे सगळं जुळून आलंय आणि नेमकी आताच धाकधूक सुरू झाली आहे: पोहोचायच्या आत साकुराची, म्हणजे तिथल्या चेरीची, फुलं गळून गेली तर? किंवा कळ्या उघडल्याच नाहीत तर? शिवाय सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि घर पूर्ण शाकाहारी. कार्यक्रम ठरवलाय तो टोकियोत पाच दिवस, क्योतोत चार आणि ओसाकात दोन.

ताई, मी २००९ पासून दर वसंतात मराठी मंडळींचे गट घेऊन जपानला जाते. महामारीतले तीन वसंत तेवढे चुकले. तुमची धाकधूक मी दर वर्षी किमान पन्नास जणांच्या तोंडून ऐकते, आणि पहिल्या काही वर्षांत ती माझीही होती. म्हणून उत्तर आधी सांगते, कारणं मागाहून. तुमच्या तारखा चांगल्या आहेत. बदलू नका. बदल करायचा तो कार्यक्रमात: तीन शहरांमध्ये सगळ्या रात्री घट्ट बांधून टाकल्या आहेत, त्यांतल्या दोन मोकळ्या करा.

आता कारण. आपण ज्याला सरसकट साकुरा म्हणतो, टीव्हीवर आणि फोटोंत जी जवळजवळ पांढरी, अगदी फिकट गुलाबी फुलं दिसतात, ती बहुतेक सोमेई योशिनो या एकाच जातीची असतात. एदो काळाच्या शेवटी, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, टोकियोजवळच्या सोमेई नावाच्या गावातल्या माळ्यांनी ही जात पसरवली. ते गाव आता शहराच्या पोटात गेलंय, कोमागोमे स्टेशनच्या आसपास. ही झाडं बियांपासून वाढवत नाहीत, कलमं बांधतात. म्हणजे जपानभरची लाखो सोमेई योशिनो झाडं एकाच झाडाची कलमं आहेत. हापूसची कलमं करणाऱ्या कोकणातल्या माणसाला हे लगेच कळतं. सगळी एकाच रक्ताची, म्हणून एका गावातल्या झाडांना जवळपास एकाच दिवशी बहर येतो आणि एकदमच गळतोही. फुलं उघडायला लागल्यापासून पूर्ण बहरापर्यंत साधारण आठवडा, आणि पूर्ण बहर टिकतो तो आणखी आठवडाभर. पाऊस किंवा जोराचा वारा आला तर तेवढाही नाही.

तारीख दर वर्षी का सरकते, तेही आंब्याच्या मोहोरावरून समजून घेता येईल. डिसेंबर-जानेवारीत रात्री नीट गारठा पडला नाही, तर कोकणात मोहोर लांबतो. साकुराच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरलेल्या असतात आणि झोपलेल्या असतात. त्यांना जागं करायला हिवाळ्यातली कडक थंडी लागते, आणि जागं झाल्यावर फुगायला फेब्रुवारी-मार्चची ऊब लागते. दोन्ही हव्यात. हिवाळा कोमट गेला तर कळ्या उशिरा जागतात, मार्च थंड गेला तर जागलेल्या कळ्या थांबून राहतात. २०२४ मध्ये मार्च गार गेला आणि टोकियोत पहिली फुलं २९ मार्चला उघडली. त्याच्या आदल्याच वर्षी, २०२३ ला, ती १४ मार्चला उघडली होती. पंधरा दिवसांचा फरक! २०२० आणि २०२१ लाही १४ मार्चच होता. १९९१ ते २०२० या तीस वर्षांची सरासरी काढली तर टोकियोत पहिली फुलं २४ मार्चला आणि पूर्ण बहर ३१ मार्चला येतो. क्योतोची सरासरी २६ मार्च आणि ४ एप्रिल. तुमच्या तारखा या आकड्यांशेजारी ठेवून बघा, म्हणजे मी त्या बदलू नका असं का म्हणते ते कळेल.

‘पहिली फुलं’ हा शब्द तिथे फार नेमका वापरतात. टोकियोत यासुकुनी देवळाच्या आवारात एक ठरलेलं झाड आहे. हवामान खात्याचा माणूस रोज येऊन त्याच्याकडे बघतो. पाच-सहा फुलं उमललेली दिसली की ‘काइका’ जाहीर होतो. त्या दिवशी झाडाभोवती कॅमेरे आणि माणसं अशी काही गोळा होतात की, निकालाच्या दिवशीचं शाळेचं आवार आठवावं. ऐंशी टक्के फुलं उमलली की ‘मांकाइ’, पूर्ण बहर. म्हणून बातमीत काइका वाचून घाबरायचं नाही, त्या दिवशी झाडावर फुलं जेमतेमच असतात. बघण्यासारखं सगळं त्यानंतर आठवड्याभरात येतं. मांकाइनंतरच्या चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंतचा काळ मला सर्वांत आवडतो.

आधीचा अंदाज मात्र हवामान खातं आता देत नाही. ते काम त्यांनी २०१० पासून सोडलं. खासगी हवामान कंपन्या जानेवारीपासून अंदाज देतात आणि दर थोड्या दिवसांनी सुधारतात. जानेवारीचा अंदाज वाचा, पण त्यावर काही ठरवू नका. मी स्वतः फेब्रुवारीच्या शेवटी आलेल्या अंदाजापासून विचार सुरू करते आणि १० मार्चनंतरच्या अंदाजावर निर्णय घेते.

तुमच्या यजमानांना आकडेमोडीची आवड आहे असं तुम्ही लिहिलंय. त्यांच्यासाठी एक छान उद्योग आहे. टोकियोचं रोजचं कमाल तापमान १ फेब्रुवारीपासून वहीत लिहीत बेरीज करत जायचं. बेरीज ६०० अंशांच्या आसपास पोहोचली की काइका जवळ आला, असा जपानी लोकांचा जुना ठोकताळा आहे. माझ्या एका गटातल्या निवृत्त शिक्षकांनी पुण्यात बसून ही वही ठेवली होती आणि त्यांचं उत्तर दोन दिवसांच्या फरकाने बरोबर आलं. विमानात ती वही सगळ्यांच्या हातून फिरली. सहलीची खरी सुरुवात त्यांची तेव्हाच, फेब्रुवारीत झाली होती.

आता दोन मोकळ्या रात्रींबद्दल. फुलं दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकतात आणि खालून वर चढतात. शंभर मीटर वर गेलं की दोन-तीन दिवस उशीर, हा आम्हा लोकांचा हिशेब. जातीजातींचाही फरक आहे: शिदारे-झाकुरा, म्हणजे झुकलेल्या फांद्यांची झाडं, बऱ्याच ठिकाणी सोमेई योशिनोच्या आधी फुलतात. याए-झाकुरा, म्हणजे दुहेरी पाकळ्यांची, गुलाबाच्या कळीसारखी भरगच्च फुलं, मागाहून येतात. तेव्हा कोणत्याही वर्षी, तुमच्या बारा दिवसांत, बहर कुठे ना कुठे असतोच. आपण फक्त तिथे जायला मोकळं असलं पाहिजे.

बहर लवकर आला, म्हणजे तुम्ही टोकियोत उतराल तेव्हा पाकळ्यांचा सडा पडलेला असेल, तर त्या दोन रात्री टोकियोनंतर नागानोच्या डोंगराळ भागात काढा. मात्सुमोतोचा काळा किल्ला सहाशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे आणि तिथे सरासरीने एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात फुलं येतात. पुढे ताकातो किल्ल्याच्या जागी सुमारे दीड हजार झाडं आहेत. त्यांचं फूल सोमेई योशिनोपेक्षा लहान आणि रंगाने गडद आहे. दुसरा पर्याय उत्तरेला फुकुशिमा. तिथल्या मिहारू गावात ताकी-झाकुरा नावाचं, हजार वर्षांहून जुनं मानलं जाणारं एकच झाड टेकडीच्या उतारावर धबधब्यासारखं खाली ओघळलेलं आहे. ‘ताकी’ म्हणजे धबधबाच. सरासरीने ते एप्रिलच्या मध्याला फुलतं, पण लवकरच्या वर्षी तुमच्या तारखांत सापडतं. तिथे मी गटातल्या बोलक्यातल्या बोलक्या माणसांना गप्प होताना पाहिलंय.

बहर उशिरा आला तर टोकियोनंतर घाई न करता क्योतोला जा आणि मोकळ्या दोन रात्री शेवटी, ओसाकाच्या आसपास ठेवा. २०२४ सारख्या वर्षी टोकियोत पूर्ण बहर ४ एप्रिलला आला होता. तसं झालं तर क्योतोचा बहर थेट तुमच्या पदरात पडेल. आणि बहर अगदी सरासरीप्रमाणे आला तर? मग एका दिवसासाठी नारा प्रांतातल्या योशिनोला जा. एका डोंगरावर सुमारे तीस हजार झाडं, बहुतेक यामा-झाकुरा, म्हणजे रानची चेरी. या झाडाला फुलांबरोबरच तांबूस कोवळी पालवी फुटते, त्यामुळे डोंगर नुसता गुलाबी दिसत नाही, त्यात तांब्याची झाक असते. तिथे पायथ्यापासून माथ्यापर्यंत चार टप्पे मानतात: शिमो, नाका, कामी आणि ओकु सेन्बोन. खालची हजार, मधली हजार, वरची हजार, आतली हजार असा अर्थ. बहर एकेक टप्पा चढत जातो. ही झाडं शोभेसाठी लावलेली नाहीत. तिथल्या झाओ गोंगेन या दैवताची मूर्ती आद्य तपस्व्याने चेरीच्या लाकडात कोरली अशी श्रद्धा आहे, आणि शतकानुशतकं भाविक देवाला वाहायचं म्हणून चेरीची रोपं लावत आले. सासूबाईंना ही गोष्ट आधी सांगून ठेवा. आपल्याकडे तुळस आणि बेलाला जे स्थान आहे ते त्यांना माहीत आहे, म्हणून त्या डोंगराकडे त्या वेगळ्या नजरेने बघतील.

दोन रात्री मोकळ्या ठेवणं म्हणजे हॉटेलच न घेणं नव्हे. या दिवसांत ऐनवेळी खोली मिळत नाही, मिळालीच तर दुप्पट-तिप्पट दराने. मार्च अखेर तिथल्या मुलांनाही सुट्टी असते, १ एप्रिलपासून त्यांचं नवं वर्ष सुरू होतं: शाळा, नोकऱ्या, बदल्या सगळं. म्हणून दोन-तीन ठिकाणी विनाशुल्क रद्द करता येणारी खोली आत्ताच घ्या आणि मार्चच्या मध्याला नको त्या सोडून द्या. रद्द करायची शेवटची तारीख वहीत मोठ्या अक्षरांत लिहा. एका वर्षी माझ्या हातून अशी तारीख टळली आणि सहा खोल्यांचे पैसे गेले. तेव्हापासून मी त्या तारखेच्या दोन दिवस आधीचा गजर लावते.

टोकियोतल्या पाच दिवसांत सासूबाईंना धरून काय करावं? शिंजुकु ग्योएन हे उद्यान पहिलं. पाचशे येन तिकीट, सपाट वाटा, बाकं, हिरवळ, आणि साठाहून अधिक जातींची साधारण हजार झाडं. जाती इतक्या असल्यामुळे बहर लवकर येवो की उशिरा, तिथे काही ना काही फुललेलं असतंच. माझं विम्याचं ठिकाण हेच. आत दारू न्यायला बंदी आहे, त्यामुळे वातावरण शांत, घरगुती असतं. उएनो बागेत गर्दी फार, पण तिथली हानामी, म्हणजे बहराखाली बसून केलेली सहल, एकदा बघावी: निळ्या चादरी अंथरून, चपला काढून, डबे उघडून बसलेली माणसं, त्यांत ऑफिसातल्या नव्या मुलाला सकाळपासून जागा धरायला बसवलेलं. चिदोरिगाफुचीला राजवाड्याच्या खंदकावरून फांद्या पाण्यापर्यंत उतरतात. तिथे सूर्य उगवल्यावर लगेच जा, आठनंतर नको. मेगुरो नदीकाठ संध्याकाळी देखणा दिसतो खरा, पण शनिवार-रविवारी तिथे गुडघे दुखणाऱ्या माणसाला नेऊ नका, थांबायला जागाच मिळत नाही.

आणि एक कमी माहितीचं ठिकाण: एदोगावा भागातली शिनकावा नदी. काठाने सातशेहून अधिक झाडं, लाकडी पूल, सपाट पायवाट. जवळच निशि-कासाइ आहे, जिथे बरीच भारतीय कुटुंबं राहतात, त्यांत मराठीही पुष्कळ. सकाळी नदीकाठी फिरावं आणि दुपारी निशि-कासाइला भारतीय जेवण घ्यावं. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत सासूबाईंना याची गरज वाटेल, हे अनुभवाने सांगते.

फुजी आणि पाच मजली लाल पॅगोडा एकत्र दिसतो तो प्रसिद्ध फोटो तुमच्याही मनात असेलच. ते ठिकाण म्हणजे फुजियोशिदातलं आराकुरायामा सेंगेन देऊळ. पॅगोड्यापर्यंत ३९८ पायऱ्या आहेत आणि बहरात वर उभं राहायला रांग लागते. तुम्ही दोघं चढा, सासूबाईंना त्या दिवशी कावागुची तळ्याच्या काठी बसू द्या. तळ्याच्या उत्तर काठावरून पाण्यापलीकडे तोच फुजी पूर्ण दिसतो, वाट सपाट आहे. हा भाग आठशे मीटरहून उंच, त्यामुळे फुलं टोकियोपेक्षा आठवडाभर तरी उशिरा येतात. मार्च अखेरीला तिथे कळ्या असतील हे मनाशी धरूनच जा.

क्योतोबद्दल एकच आग्रह: पहाट. तत्त्ववेत्त्याची वाट म्हणून ओळखली जाणारी दोन किलोमीटरची कालव्याकाठची पायवाट सकाळी साडेसहाला तुमची असते, दहा वाजता कोणाचीच नसते. सपाट आहे, सासूबाई जमेल तेवढी चालतील. राजवाड्याभोवतीचं मोठं उद्यान विनाशुल्क आहे. त्याच्या उत्तर टोकाला कोनोए घराण्याच्या जुन्या वाड्याच्या जागी झुकलेल्या फांद्यांची झाडं आहेत, ती शहरात सर्वांत आधी फुलणाऱ्यांपैकी. उलट निन्नाजी मंदिरातली ओमुरो-झाकुरा सर्वांत मागे, एप्रिलच्या मध्याच्या सुमाराला फुलते. ही झाडं बुटकी, फुलं नजरेच्या पातळीवर. म्हणजे एका क्योतोतच बहर जवळजवळ महिनाभर फिरत असतो. गिओन भागातल्या खासगी गल्ल्यांत २०२४ पासून पर्यटकांना मज्जाव आहे, दहा हजार येन दंडाची पाटी लावलेली आहे. पाटी दिसली की मागे फिरायचं.

ओसाकाचे दोन दिवस मी कमी करेन. त्याऐवजी एक दिवस ओकायामाला जा, शिन-ओसाकाहून शिनकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, पाऊण तास. तिथलं कोराकुएन १७०० साली पूर्ण झालेलं, जपानच्या तीन थोर उद्यानांपैकी एक. पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान याच कोराकुएनच्या धर्तीवर केलेलं आहे. तुम्ही पुण्याला जाल तेव्हा आधी ते बघा. ओळखीच्या वळणांचं मूळ रूप समोर आलं की होणारा आनंद वेगळाच असतो, आणि उद्यानाशेजारच्या आसाही नदीच्या काठावर साकुराही आहेतच.

जेवणाचं आता स्पष्ट बोलते, कारण इथे लोक फसतात. जपानमध्ये अडचण मांसाच्या तुकड्यांची नाही, ते दिसतात. अडचण दाशीची आहे. दाशी म्हणजे बहुतेक वेळा वाळवलेल्या बोनितो माशाचं पाणी, आणि ते मिसो सूपमध्ये, नूडल्सच्या रश्श्यात, भाज्यांच्या शिजवणीत, अंड्याच्या वडीतही असतं. ‘भाजीचं आहे’ असं वेटर मनापासून सांगतो, कारण त्याच्या दृष्टीने दाशी म्हणजे आपल्या फोडणीसारखी, ती कोणी मोजत नाही. म्हणून ‘मांस, मासे आणि माशाची दाशी चालत नाही’ असं जपानीत लिहिलेलं कार्ड जवळ ठेवा. दुकानातली पाकिटं घेताना फोनने लेबल भाषांतरित करून ‘कात्सुओ’, म्हणजे बोनितो, हा शब्द आहे का ते बघा. साकुरा-मोची बिनधास्त खा: गोड डाळीचं पुरण भरलेला तांदळाचा गुलाबी गोळा, वर खारवलेलं चेरीचं पान. सासूबाईंना पुरणाची चव लगेच ओळखता येईल. तीन रंगांचे हानामी दांगो, म्हणजे काडीला लावलेले तांदळाचे गोळे, तेही चालतात.

बरोबर काय न्यावं: दशम्या, भडंग, मेतकूट, कोरड्या चटण्या, लाडू, उपम्याचं तयार पीठ. काय नेऊ नये: ताजं फळ, ताजी भाजी, कढीपत्ता, आंब्याची किंवा कडुलिंबाची पानं. ताज्या पानाफळांना तिथे रोगमुक्तीच्या सरकारी दाखल्याशिवाय प्रवेश नाही, आणि विमानतळावरचे कुत्रे पर्सच्या तळाशी राहिलेलं सफरचंदही शोधून काढतात.

शाकाहाराचं पूर्ण समाधान हवं असेल तर एक रात्र कोयासानला राहा. ओसाकाच्या नाम्बा स्टेशनहून रेल्वे, शेवटी केबल कार, आणि वर देवदारांच्या सावलीतलं मठांचं गाव. नवव्या शतकात कुकाइ या बौद्ध भिक्षूंनी स्थापलेलं. मठांतच राहायची सोय असते आणि शोजिन-र्योरी नावाचं भिक्षूंचं जेवण वाढतात: तोफू, तीळ, कंदमुळं, केल्प नावाच्या समुद्री शेवाळाची दाशी, मासा कुठेही नाही. तिथल्या कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा २०१५ मध्ये उभा राहिला. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाने तिथे नमस्कार करून पुढे जावं. उंचीमुळे ७ एप्रिलला तिथे बहुधा फुलं नसतील आणि थंडी चांगलीच असेल. जमिनीवर बसून जेवायचं असतं, म्हणून खोली घेतानाच सासूबाईंसाठी खुर्ची मागून ठेवा. बरेच मठ ती देतात.

गुडघ्यांसाठी आणखी एक-दोन गोष्टी. मोठ्या स्टेशनांत लिफ्ट असते, पण ती शोधण्यातच अर्धा किलोमीटर चालणं होतं. तिघे असाल तर छोट्या अंतरांना टॅक्सी घ्या, त्या पैशांचं वाईट वाटून घेऊ नका. मोठ्या बॅगा एका हॉटेलातून पुढच्या हॉटेलात ताक्युबिनने, म्हणजे तिथल्या सामान पोहोचवणाऱ्या सेवेने, पाठवा. बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी पोहोचतात, हात मोकळे राहतात. शिनकान्सेनमध्ये लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरहून मोठी बॅग नेली तर वेगळं आरक्षण लागतं, तोही प्रश्न यामुळे मिटतो. टोकियोहून क्योतोला जाताना ई अक्षराची खिडकी मागा, फुजी त्या बाजूला दिसतो. आणि आठवड्याचा रेल्वे पास घेऊ नका. ऑक्टोबर २०२३ पासून तो २९,६५० वरून ५०,००० येनांवर गेला. टोकियो-क्योतो एकेरी तिकीट साधारण चौदा हजारांचं, तुमच्या फेऱ्यांत पास वसूल होत नाही. मोकळ्या रात्री फुकुशिमाला नेल्या तरच हिशेब पुन्हा करा.

व्हिसाची घाई करू नका. एकदाच प्रवेशाचा पर्यटन व्हिसा मिळाल्यापासून तीन महिन्यांत जपानमध्ये उतरावं लागतं. नोव्हेंबरात काढून ठेवलात तर मार्चमध्ये तो संपलेला असेल. जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य ही बरी वेळ.

कपड्यांचं: ‘साकुरा म्हणजे वसंत’ म्हणून सुती कुर्ते घेऊन आलेल्या बायका मी थंडीने कुडकुडताना पाहिल्या आहेत. या दिवसांतल्या थंडीला जपानीत खास शब्द आहे, हानाबिए, फुलांचा गारठा. दुपारी पंधरा अंश, रात्री सहा-सात. आतून एक थर्मल, वर वाऱ्याला अडवणारं जाकीट, आणि घरी दोन महिने वापरून मऊ झालेले बूट. जानेवारीपासून सासूबाईंना रोज अर्धा तास त्याच बुटांत चालवा.

झाडाखाली वागायचं कसं ते तुम्हाला सांगायला नको, तरी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. फांदी ओढून फोटो काढायचा नाही हे सगळे पाळतात, पण मुळांवर उभं राहायचं नाही हे विसरतात. सोमेई योशिनोची मुळं उथळ असतात, माती दाबली गेली की झाड दमतं. आपला कचरा आपल्या पिशवीतून परत आणायचा.

आता तुमच्या मूळ भीतीकडे परत येते. समजा, सगळं करून क्योतोत तुम्ही पोहोचलात त्या रात्री पाऊस पडला. सकाळी बाहेर या. हानाफुबुकी, पाकळ्यांचं हिमवादळ, हे काही उरलेलं-सुरलेलं दृश्य नाही, त्यासाठी वाट बघणारे जपानी लोक आहेत. कालव्याच्या पाण्यावर पाकळ्यांची साय धरते आणि हळूहळू सरकते, तिला हानाइकादा म्हणतात, फुलांचा तराफा. त्यानंतर हिरवी पालवी आणि उरलेली फुलं एकत्र दिसतात, ती हाझाकुरा. प्रत्येक अवस्थेला नाव आहे, कारण प्रत्येक अवस्था बघायला माणसं येतात. पारिजातकाचा सडा पाहून ‘फुलं संपली’ असं आपण म्हणत नाही, तसंच हे. २०२३ ला एका गटाला टोकियोत पूर्ण बहर मिळाला नाही. त्यांतल्या एका आजी चिदोरिगाफुचीच्या कठड्यापाशी पाऊण तास पाण्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि बस सुटायची वेळ झाली तरी हलेनात. मी त्यांना घाई केली नाही.

आणि एक योग तुमच्या लक्षात आलाय का? २०२७ चा गुढीपाडवा ७ एप्रिलला आहे, तुम्ही परत निघायच्या आदल्या दिवशी. माझ्या गटातल्या एका कुटुंबाने हॉटेलच्या खिडकीपाशी वीतभर गुढी उभारली होती: छोटी काठी, खणाचा तुकडा, पेल्याएवढा तांब्याचा गडू आणि घरून नेलेली साखरेची गाठी. कडुलिंबाऐवजी त्यांनी वाटेवर पडलेल्या साकुराच्या पाकळ्या ठेवल्या. बॅगेत या चार वस्तूंना जागा फार लागत नाही, तेवढी ठेवा.

फेब्रुवारीच्या शेवटचा अंदाज आला की यजमानांच्या वहीतली बेरीज आणि तुम्ही घेऊन ठेवलेल्या खोल्यांची यादी मला कळवा. मोकळ्या दोन रात्री मात्सुमोतोला, मिहारूला की कोयासानला, ते तेव्हा एकत्र बसून ठरवू.